अंगात न आलेली देवी

माय,

काल दुपारी मी तुला पाहिलं. कोर्टात जेवणाची सुट्टी झाली होती, डबा उघडा होता, आणि भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्याला किल्ल्याचे फोटो हवे होते म्हणून तो इंटरनेटवर आपल्या गावाजवळचा आंबागड शोधत होता आणि शोधता शोधता एका जुन्या टीव्ही नाटकापाशी पोचला. नाटकवाल्या साहेबांच्या मुलाने वडिलांच्या टेपा कुठूनतरी साफ करून घेतल्या आहेत आणि सगळ्यांना बघता येतील अशा टाकून दिल्या आहेत. भाच्याने खाली एवढंच लिहिलं होतं, 'आत्या, ही आजी आहे का?' त्याने तुला कधी पाहिलेलं नाही. त्याच्या जन्माआधीच तू गेलीस, तू जाऊन आता बावीस वर्षं झाली. मी डबा बंद केला, कानात वायर घातली आणि 'बोडीची माय' पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. चित्र मधे मधे थरथरतं, आवाज एका ठिकाणी पार जातो. तुझं लुगडं हिरवं होतं हे मी विसरूनच गेले होते. तू माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान दिसतेस, आणि मला तुझ्याशी बोलायचं आहे.

माझं आधी सांगते. मी अजून भंडाऱ्यालाच आहे, त्याच खुर्चीत. साक्षीदार येतो, खरं सांगीन अशी शपथ घेतो, बोलू लागतो, आणि मी ते उतरवते. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस कुठे खोटं बोलतो ते मला कळतं, हे मी उगाच फुशारकीने म्हणत नाही. खोटं बोलणारा फार नीट बोलतो. त्याला तारीख, वेळ, कोण कुठे उभं होतं, सगळं आठवतं. खरं बोलणारा अडखळतो, मागे येतो, 'नाही, तसं नाही' म्हणतो. मला जजसाहेबांनी विचारलं तर मी बहुतेकदा बरोबर सांगेन. पण मला कोणी विचारत नाही, आणि तेच योग्य आहे.

ते टीव्हीवाले आले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मे महिना, शाळेला सुट्टी, आणि शाळेच्या दोन खोल्यांत त्यांचा मुक्काम. गावात तेव्हा एकच टीव्ही, तोही ग्रामपंचायतीत, त्यामुळे टीव्हीत दिसणारी माणसं कुठून येतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ती एका मोठ्या गाडीतून आली आणि त्यांना वीस माणसांचं जेवण करणारी बाई हवी होती. तुला बोलावलं. बाबा तुमसरच्या राइस मिलमध्ये होते, सकाळी सायकलने जायचे, आणि तू पाटलाच्या शेतात. पण मे महिन्यात शेतात काय असतं. तू शाळेच्या मागे तीन दगडांची चूल मांडलीस आणि पहिल्याच दिवशी बोडीतल्या मासोळ्यांचा असा रस्सा केलास की तो मिशीवाला कॅमेरामन मडक्याजवळून हलेना. मी भांडी घासायला मदत करायची म्हणून तिथेच. खरं म्हणजे मी शूटिंग पाहायला जायची.

नाटकाची गोष्ट साधी होती. एका गावात बोडी, म्हणजे पाण्याचं छोटं तळं असतं, बायका तिथून पाणी भरतात. गावातला मोठा माणूस ती बोडी बुजवून जमीन करायला निघतो. एक विधवा बाई आडवी येते, कोणी ऐकत नाही. मग ती अंगात देवी आल्याचं सोंग करते आणि सांगते की मी या पाण्यात बसले आहे. कुदळी थांबतात. बोडी वाचते. पण आता लोक तिच्या पाया पडायला लागतात, आजारी माणसं आणून तिच्यापुढे ठेवतात, आणि एक दिवस ती सगळ्यांना जमवून सांगते की मी खोटं बोलले, माझ्या अंगात कोणी आलं नव्हतं. लोक म्हणतात, देवी आपली परीक्षा पाहते आहे. आणि पुन्हा पाया पडतात. संपलं. ते टीव्हीवर एकदाच लागलं. पुढे त्याचं नाव कोणी घेतलेलं मी ऐकलं नाही.

ती विधवा करायला आलेली नटी शहरातली होती. दुसऱ्या दिवशी तिला उन्हाची लू लागली, तिला उलट्या झाल्या, आणि तिला गाडीत घालून परत पाठवलं. साहेब डोक्याला हात लावून पायरीवर बसले. त्याच वेळी दिव्यांचं काम करणारा एक माणूस बुटासकट तुझ्या वाळत घातलेल्या तांदळावरून गेला आणि तू त्याला जे बोललीस ते सगळ्या शाळेने ऐकलं. साहेबांनी मान वर केली. ते थेट तुझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही काम कराल?"

"करूनच राहिली ना," तू म्हणालीस. "भात चढवला हाय."

त्यांनी समजावून सांगितलं. तू सगळं ऐकून घेतलंस, हात पदराला पुसले आणि म्हणालीस, "आमच्यात अंगात येत नाई साहेब. माझ्या सासऱ्यानं दीक्षा घेतली हाय. घरात देवाचा फोटोबी नाई."

"म्हणूनच," साहेब म्हणाले. "ती बाई खोटंच करते आहे. जिच्या खरंच अंगात येतं तिला हे काम जमणार नाही."

हे तुला पटलं. तुला पटलेली गोष्ट तुझ्या चेहऱ्यावर लगेच दिसायची. संध्याकाळी बाबांना विचारलंस, ते हसले आणि म्हणाले, "कर ना वं. पन घरी आल्यावर साधी होऊन येजो."

तू चौथीपर्यंत शिकलेली, कागद वाचायला वेळ लागायचा. म्हणून वाक्यं मी वाचायची आणि तू तांदूळ निवडता निवडता पाठ करायचीस. मी आधी मोठ्या तोऱ्यात, हातवारे करून वाचलं. तू सूप खाली ठेवलंस. "तू साधी वाच. रंग भराचं माझं काम हाय." मग मी साधं वाचलं. देवीचं वाक्य होतं, 'मी या जळात वास करून आहे, जो कुदळ उचलील त्याचा हात मी धरीन.' तू दोनदा म्हटलंस आणि थांबलीस. दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलंस, "हे कोन लिवलं? पुन्याची देवी हाय का?" साहेब म्हणाले, लेखक मोठे आहेत. तू म्हणालीस, "असू द्या. देवी इथली हाय तं इथलंच बोलन ना." मग ते वाक्य झालं, 'मी या पान्यात बसली हावो. ज्यानं कुदळ उचलली त्याचा हात माझ्या हातात.' कालच्या व्हिडिओत तेच आहे.

आता मी तुला स्पष्ट सांगते, कारण आता मी मोठी आहे आणि तू रागावणार नाहीस. देवीच्या प्रसंगात तू बरी नाहीस. तू घुमतेस, केस फिरवतेस, पण डोळे कॅमेऱ्याकडे जातात आणि तुला कोणीतरी पाहतं आहे हे तू विसरत नाहीस. शेवटच्या प्रसंगात मात्र, जिथे तू लोकांना सांगतेस की मी खोटं बोलले, तिथे मी जेवायचं विसरले. तू बोडीच्या काठच्या पाळीवर उभी आहेस. हात कुठे ठेवायचे ते तुला कळत नाही. तू वाक्य अर्धं म्हणतेस, थांबतेस, पुन्हा पहिल्यापासून म्हणतेस. ते कागदावर नव्हतं, मला माहीत आहे, कागद माझ्या हातात होता. मी रोज साक्षी ऐकते. इतकी खरी साक्ष मी फार थोड्या वेळा ऐकली आहे.

नाटक लागलं ते दिवाळीनंतर, एका रविवारी दुपारी. धानाची कापणी चालू होती, तरी सगळं गाव ग्रामपंचायतीच्या अंगणात. तू मागे बाभळीखाली उभी, डोक्यावर पदर. पहिल्यांदा तू दिसलीस तेव्हा सगळे हसले, पोरं तुझ्याकडे वळून वळून पाहायला लागली. मग हसणं थांबलं. नाटक संपल्यावर पाटलीनबाई उठली. जिच्या शेतात तू रोवणीला आणि कापणीला जायचीस, जिच्या घरी आपला चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, ती म्हातारी अंगण ओलांडून बाभळीखाली आली आणि तिने तुझ्या पायावर डोकं ठेवलं.

तू पाय ओढून घेतलेस. "काय करून राहिल्या पाटलीनबाई? थे नाटक होतं."

ती म्हणाली, "टीव्हीतबी तू असंच म्हटलं होतं."

तिथून पुढे दहा-बारा दिवस आपल्या घरी बायका येत राहिल्या. कोणाला मूल होत नव्हतं, कोणाची म्हैस आटली होती. तू प्रत्येकीला तेच सांगायचीस, चहा द्यायचीस आणि परत पाठवायचीस. नारळ परत द्यायचीस. कंटाळून तू एकदा म्हणालीस, "मी खरं सांगते, अन् थे लोक माझ्या खऱ्यालेच हात जोडून राहिले." मी तेव्हा तुझ्या बाजूने होते. शाळेत पोरींनी विचारलं की मी छाती काढून सांगायची, माझी माय नाटक करते, देवी नसते.

मग तो गुरुवार. दुपार होती. तू शेतावरून लवकर आली होतीस, अंगणात भाजी निवडत होतीस. पाटलाचा ट्रॅक्टर आपल्या दाराशी येऊन थांबला. मागच्या ट्रॉलीत धानाच्या पेंढ्यांवर पाटलाची सून. उन्हाळ्यातच तिचं लग्न झालं होतं, ती फार तर एकोणीस वर्षांची. कापताना हाताला साप चावला होता. मनगटाच्या वर फडकं बांधलेलं, डोळ्यांच्या पापण्या खाली आलेल्या, तोंडातून शब्द नाही. पाटलीनबाई रडत होती. पाटील म्हणत होता, पलीकडच्या गावच्या मांत्रिकाला बोलावणं धाडलं आहे, तो येईपर्यंत म्हातारीच्या समाधानासाठी तुला दाखवून जातो.

तू ट्रॉलीवर चढलीस, तिच्या पापण्या बोटाने वर केल्या आणि खाली उतरलीस. "पाटील, तुमसरले न्या. दवाखान्यात सुई भेटते. आताच न्या."

"मांत्रिक येऊन राहिला."

"थो येईपर्यंत पोरगी राहाची नाई. माझ्या मामाचा पोरगा असाच गेला. न्या."

पाटील तुझ्याकडे पाहून म्हणाला, "देवीनं सांगतलं तं नेतो. तू कोन सांगनारी?"

त्याने हे रागाने म्हटलं नाही, माय. कोणी वाट विचारावी तसं म्हटलं. मग तू अंबाडा सोडलास.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण ते तुलाच जास्त माहीत आहे. तू तो आवाज काढलास. अंगणातली कोंबडी पळाली. तू म्हणालीस, "मी पान्यातून उठली. मी तुमसरले जाऊन बसून राहिली. माझ्या पोरीले माझ्याकडं आना. ज्यानं वाट अडवली त्याचा हात माझ्या हातात." पाटलाने हात जोडले आणि ट्रॅक्टरवर उडी मारली. पाटलीनबाई ट्रॉलीत चढली. ते वळणावरून दिसेनासे झाले तशी तू खाली बसलीस, केस बांधलेस, आणि मला म्हणालीस, "पानी दे." नंतर तू पुन्हा भाजी निवडायला घेतलीस आणि चांगली पानंच फेकून देत होतीस.

ती वाचली. चार दिवसांनी घरी आली.

त्यानंतरच्या रविवारी विहारात वंदना झाली. शाळेतले गुरुजीच ती घ्यायचे, आणि नंतर मुलांना पंचशीलाचा अर्थ सांगायचे. त्या दिवशी चौथ्या शीलाची पाळी होती, खोटं न बोलण्याची. गुरुजींनी विचारलं, गेल्या पंधरा दिवसांत कोण खोटं बोललं? पोरांनी हात वर केले, कोणी बोरं चोरली होती, कोणी अभ्यास केला नव्हता. मी उभी राहिले. मी म्हटलं, "माझी माय खोटं बोलली. तिनं अंगात देवी आणली."

विहारात पन्नास-साठ माणसं होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गुरुजींनी तुला विचारलं, "बाई, खरं आहे का हे?"

"खरं हाय."

"काहून?"

"थे मानसं माझं आयकत नव्हती, गुरुजी. देवीचं आयकत होती."

मागून एक तरुण पोरगा उठला. "आपल्या आज्यानं दीक्षा घेऊन मूर्त्या बोडीत सोडल्या, अन् तू त्याच बोडीतून देवी काढते?" काही लोक हो म्हणाले, काही बायका चुप बस म्हणाल्या. तू गुरुजींकडे पाहत होतीस. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "जीव वाचवला, त्याला मी खोटं म्हणणार नाही. पण ती पोरगी घरी आली आता. त्यांचा समज तसाच ठेवला तर आजचं खोटं तुमचं आहे."

तू मान हलवलीस. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता मार बसणार. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "तू खरं बोलली. अर्ध्यावर सोडाचं नाई. चाल."

आपण पाटलाच्या घरी गेलो. ओसरीवर पाटलीनबाई बसली होती. तिने तुला पाहिलं आणि ती उठून उभी राहिली, आधी कधी राहिली नव्हती. तिने आत हाक मारली, चहा आणा. तू पायरीच्या खालीच थांबलीस. "पाटलीनबाई, त्या दिवशी माझ्या अंगात कोनी आलं नव्हतं. पाटील मानत नव्हते म्हनून मी सोंग केलं. तुमची सून डाक्टरनं वाचवली."

म्हातारी हसली. "असंच म्हनते माय."

"नाई. आज नाटक नाई. माझ्याकडं पाहा. मी तुमच्या शेतात कापते थेच बाई हावो. मी खोटं बोलली."

तू हे तसंच म्हटलंस, अडखळत, दोनदा. म्हातारीचा चेहरा हळूहळू बदलला. तिला पटत गेलं, आणि पटत गेलं तशी ती खाली बसली. मग तिने विचारलं, "मंग मी डोकं ठेवलं थे पाय कोनाचे?"

"माझे," तू म्हणालीस.

तिने पदराने कपाळ पुसलं. एकदा, दोनदा, जोरात. चहा आतून आलाच नाही. आपण निघालो तेव्हा परसात विहिरीपाशी तिची सून उभी होती, हाताला अजून पट्टी. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तुझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, मले मालूम होतं. डोळे उघडत नव्हते, पन आयकू येत होतं. तुमी टीव्हीतलंच म्हटलं. मी मनात म्हनून राहिली होती, आता ह्याईनं मानलं पाहिजे." मग ती म्हणाली, "मी बरी झाल्यावर सांगू शकली असती. नाई सांगतलं. तुमी आतापर्यंत देवी होत्या तं ह्या घरात माझंबी चालत होतं."

तू तिच्या डोक्यावरून हात फिरवलास.

पाटलाच्या शेतातलं काम सुटलं. पुढच्या रोवणीला आणि त्यानंतरच्या कापणीलाही तुला बोलावणं आलं नाही. तू दुसऱ्या गावी जायला लागलीस, पहाटे निघून, तासभर चालत. मग शाळेत खिचडी करण्याचं काम लागलं आणि तू ते शेवटपर्यंत केलंस. पाटलीनबाई तुझ्याशी पुन्हा बोलली नाही. तिची सून मात्र दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायची, पुढच्या दाराने, दिवसाढवळ्या, आणि आपल्याच कपात चहा प्यायची. तू गेलीस तेव्हा ती माझ्या शेजारी उभी होती. आता ती वरठीला मुलाकडे राहते, नातवंडं आहेत. काल रात्री मी तिला व्हिडिओ पाठवला. सकाळी तिचा फोन आला. ती म्हणाली, "मावशी टीव्हीत किती कच्ची दिसते ना? तुमच्या अंगणात तशी नव्हती."

मी तिला म्हटलं, तुझे डोळे तर मिटलेले होते. ती म्हणाली, हो, पण आवाज.

तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. आज एका साक्षीत दोन ओळी सुटल्या, असं माझं कधी होत नाही. तिचं म्हणणं बरोबर आहे. विहारातला तो रविवार मी आयुष्यभर अनेकांना सांगितला आहे. नवीन लागलेल्या पोरींना सांगते, लेकीला सांगितला, एकदा भाषणातही सांगितला, की अकरा वर्षांची असताना मी स्वतःच्या आईविरुद्ध खरं बोलले आणि आईने माझा हात धरून मला ते पूर्ण करायला लावलं. गोष्ट चांगली आहे. त्यातलं तुझं सगळं जसंच्या तसं आहे, मी एक शब्दही वाढवलेला नाही. मला माझ्या धैर्याचा अभिमानही आहे, तो मी टाकून देणार नाही. पाटलाकडचं काम सुटलं तेव्हा तू मला एकदाही बोल लावला नाहीस, याचाही आहे. तू चुकली नव्हतीस, ना अंगणात, ना ओसरीवर. हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं, आणि तू असतानाच तुला सांगून झालं, एवढं तरी बरं.

पण माझी साक्ष मी आजवर फार नीट सांगत आले, माय. फार तपशीलवार. म्हणून हा कागद घेतला. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि लेकीला सापडेल अशा जागी मी ते ठेवणारही नाही. लिहून झालं की कामाच्या जुन्या वह्यांबरोबर रद्दीत जाईल. फक्त एक ओळ राहिली आहे, ती मी कोणाला सांगितली नाही, विहारात तर नाहीच; आणि ती सांगावी लागू नये म्हणूनच मी तिथे सगळ्यांच्या आधी उभी राहिले, असं मला आज वाटतं. सगळी वाक्यं मीच तुला वाचून दाखवली होती. कागद माझ्या हातात होता. तरी त्या दुपारी तू केस सोडलेस, तो आवाज आला, आणि मला वाटलं, ही माझी माय नाही, ही दुसरीच कोणी आहे. दारातल्या खांबाला टेकून मी हात जोडले होते. तू पाणी मागितलंस तेव्हा सोडले.